मोटारसायकलवर मोबाइलच्या दिशादर्शनावर भरवसा ठेवायचा, तर नेमकी कोणती तयारी हवी?

वाटसरू_नाशिक

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि ३५० सीसीची एक सिलिंडरची मोटारसायकल गेली सहा वर्षे चालवतो आहे. शहरात मला नकाशाची गरज पडत नाही. मात्र सुटीच्या दिवशी पेठ, हरसूल, सुरगाणा, मोखाडा, भंडारदरा या भागांत फिरण्याची मला मनापासून आवड आहे, आणि तिथे फाट्यावर पाटी असेलच याची खात्री नसल्यामुळे हँडलवर लावलेल्या मोबाइलवर अवलंबून राहावे लागते. गेल्या वर्षभरात या मोबाइलने मला तीन-चार वेळा अगदी नको त्या जागी दगा दिला, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिला प्रसंग जुलैमधला आहे. पेठहून हरसूलमार्गे त्र्यंबकेश्वरला परतत असताना फोन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. रेंज अजिबात नव्हती. त्यानंतर जवळजवळ पाव तास माझे स्थान पडद्यावर पेठच्या बसस्थानकापाशीच दिसत होते, आणि मी मात्र धुक्यात एका तिठ्यावर उभा होतो. शेवटी एका पाड्यावरच्या आजोबांनी मला जवळची वाट दाखवली. दुसरा प्रसंग चार्जिंगचा. हँडलवर यूएसबी चार्जर बसवलेला आहे, फोनवर चार्जिंगचे चिन्हही दिसते, तरी घरून निघताना ७० टक्के असलेली बॅटरी वणी ओलांडेपर्यंत २२ टक्क्यांवर आलेली होती. मे महिन्यात सिन्नरच्या पुढे भर दुपारी पडदा आधी अंधूक झाला आणि मग फोन तापल्याचा संदेश दाखवून सगळेच थांबले. याखेरीज आधीच्या फोनचा कॅमेरा दीड वर्षात बिघडला. फोटो काढताना चित्र सतत थरथरत असे, आणि दुरुस्तीच्या दुकानात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो "फोन गाडीवर लावता का?" असा.

मोटारसायकलसाठी बनवलेले स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. त्या किमतीत चांगला फोन येतो. तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की फोन हे साधनच या कामासाठी कमकुवत आहे, की ते वापरण्याच्या माझ्या पद्धतीत चूक आहे? आणि हँडलवर फोन लावून चालवणे कायद्याला चालते का, हेही कोणी नीट सांगितले तर बरे होईल.

देवळालीकर

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि स्वतः मोटारसायकल चालवतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रसंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. एकदा उपग्रहाचे गणित कळले, की फोनने दगा दिला असे वाटणार नाही.

फोनमधला ग्राहक, म्हणजे उपग्रहांचे संदेश पकडणारा रिसीव्हर, उपग्रहांकडून फक्त ऐकतो, त्यांना काहीही पाठवत नाही. त्यामुळे स्थान कळण्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही, हे विधान तत्त्वतः खरे आहे. व्यवहारात एक अडचण येते. आपण कुठे आहोत हे काढायचे, तर प्रत्येक उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे आहे हे ग्राहकाला माहीत असावे लागते. ही माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण अतिशय संथ गतीने, म्हणजे सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील पूर्ण मिळायला सुमारे ३० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ संदेश न तुटता ऐकू यावा लागतो. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक उतरवायचे झाले, तर साडेबारा मिनिटे लागतात. रेंज असते तेव्हा फोन हीच माहिती इंटरनेटवरून दोन-तीन सेकंदांत मागवतो, म्हणून शहरात स्थान चटकन सापडते. या सोयीला ए-जीपीएस म्हणतात. तुमचा फोन रेंज नसलेल्या जागी नव्याने सुरू झाला, भोवती डोंगर आणि भिजलेली झाडी होती, आणि संदेश वरचेवर तुटत होता. तो ग्राहक त्या पाव तासात पुन्हा पुन्हा पहिल्यापासून ऐकण्याचा प्रयत्न करत होता, असे समजा.

पावसाचा आणि ढगांचा यात जवळजवळ काहीच दोष नसतो, कारण जीपीएसच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. अडवतो तो डोंगराचा कडा, आणि पानांवर साचलेले पाणी त्या लहरी शोषते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो, म्हणून दाट झाडीसुद्धा पुरेशी ठरते.

यावर उपाय सोपा आहे. घरून निघण्याआधी, डेटा सुरू असताना, मोकळ्या आकाशाखाली ॲप उघडून स्थान पक्के होऊ द्यावे आणि मगच निघावे. एकदा मिळालेला कक्षेचा तपशील साधारण चार तास उपयोगी पडतो. पेठला जेवायला थांबलात तर निघताना हेच पुन्हा करावे. डोंगरात फोन बंद पडलाच, तर झाडाखाली उभे न राहता जिथे जास्तीत जास्त आकाश दिसते अशा जागी दोन-तीन मिनिटे फोन न हलवता ठेवावा. चालत्या गाडीवर, वळणावळणाने, झाडीतून जाताना पहिले स्थान मिळवणे हे ग्राहकासाठी सर्वांत अवघड काम असते.

फोन निवडताना एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुने फोन फक्त एल-१ या पट्ट्यावर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकत असत. २०१८ मध्ये शाओमीच्या मी-८ या फोनपासून एल-१ बरोबर एल-५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ, ऐकणारे फोन बाजारात येऊ लागले. एल-५ वरच्या संकेताची गती एल-१ वरच्या नागरी संकेताच्या दहापट असल्यामुळे कड्यावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा आलेली लहर आणि थेट आलेली लहर यांतला फरक ग्राहकाला फार चांगला कळतो. भद्रकालीतल्या अरुंद गल्ल्यांत किंवा घाटात आपण शेजारच्या रस्त्यावर असल्याचे फोन दाखवतो, तेव्हा बहुधा अशी आपटून आलेली लहरच कारणीभूत असते. उघड्यावर साध्या फोनची अचूकताही पाच मीटरच्या आसपास असते आणि ती आपल्या कामाला पुरते. फरक पडतो तो अवघड जागी.

फोनच्या माहितीपत्रकात 'नाविक' असे लिहिलेले दिसले म्हणून केवळ तेवढ्यासाठी फोन घेऊ नये, असे माझे मत आहे. इस्रोच्या या दिशादर्शक उपग्रहांच्या मालिकेबद्दल मला अतिशय आदर आणि आस्था आहे. पण त्यातल्या बऱ्याच उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला तिचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. आजचा फोन जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू या चारही मालिका एकदम ऐकतो. त्यात नाविकची भर पडली तर ती चांगलीच, परंतु सध्या भिस्त या चारांवरच असते.

शेवटची एक बाब वेगाची. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच स्थान मोजतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जातो. त्यात आवाजाने सूचना येण्याचा वेळ मिळवला, की फाटा मागे पडल्यावर "आता डावीकडे वळा" ऐकू येणे स्वाभाविक आहे. माहीत नसलेल्या भागात फाट्याच्या आधी अर्धा किलोमीटर वेग कमी करणे हाच त्यावरचा इलाज आहे.

सातपूर_वायरिंग

माझा सातपूरला गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी चार्जर, उष्णता आणि हादरे एवढ्यापुरतेच लिहितो.

चार्जिंगचे चिन्ह दिसते याचा अर्थ फोनला करंट मिळतो आहे, एवढाच होतो. खर्च होतो त्यापेक्षा जास्त मिळतो आहे, असा होत नाही. हँडलवर लावायच्या स्वस्त चार्जरवर २.१ अँपिअर छापलेले असले, तरी लांब आणि बारीक केबलमुळे फोनपर्यंत अनेकदा एक अँपिअरसुद्धा पोहोचत नाही. एक अँपिअर म्हणजे पाच वॅट. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा, सतत चाललेले जीपीएस आणि रेंज शोधत राहणारा फोन मिळून तेवढेच खातात. तुमच्या बाबतीत जमेपेक्षा खर्च जास्त झालेला आहे. पाच व्होल्टला तीन अँपिअर खरोखर देणारा, पाण्यापासून बंदिस्त असलेला चार्जर आणि अर्धा मीटर लांबीची जाड तारेची केबल घ्या. अशा चार्जरला गाडीच्या बॅटरीतून दीड अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळ तीन अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो चार्जरजवळ लावला, तर टाकीखाली घासून तार उघडी पडल्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही, आणि अशा जळलेल्या तारा मी दर पावसाळ्यात पाहतो.

चार्जर बॅटरीला थेट जोडू नका. चावी लावल्यावर जिथे करंट येतो त्या तारेवरून रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चालवून चार्जरला वीज द्या. थेट जोडलेल्या आणि व्होल्टेज दाखवणारा दिवा असलेल्या चार्जरने नुसते बसून २० मिलिअँपिअर घेतले, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. तुमच्या गाडीची बॅटरी आठ-नऊ अँपिअर-तासांची असेल. दहा दिवस गाडी उभी राहिली, की निम्मी बॅटरी संपलेली असते आणि मग सेल्फ लागत नाही.

देवळालीकर सरांच्या लिखाणाला एक पुरवणी जोडतो. काही स्वस्त चार्जरच्या आतल्या सर्किटमुळे विद्युत गोंगाट होतो आणि तो उपग्रहाच्या क्षीण संदेशावर पडतो. जीपीएसटेस्ट नावाचे मोफत ॲप आहे, त्यात प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये दिसते. मोकळ्या मैदानात गाडी सुरू करून, चार्जर जोडून आणि काढून आकडे पाहा. चाळीसच्या आसपासचे आकडे चांगले. चार्जर जोडताच सगळे आकडे एकदम घसरले, तर दोष चार्जरचा आहे.

आता हादऱ्यांविषयी. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर सूचना काढली होती, की जोरकस इंजिनाच्या मोटारसायकलचे हादरे हँडलमधून थेट फोनला मिळत राहिले तर कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा खराब होऊ शकते, आणि मोपेड किंवा स्कूटरवर फोन लावायचा असला तरी हादरे शोषणारा माउंट वापरावा. हे फक्त आयफोनपुरते नाही. ज्या फोनमध्ये भिंग बारीक स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले असते, त्या सगळ्यांना हे लागू आहे. कॅमेरा सुरू नसला तरी भिंग तरंगतच असते, त्यामुळे ॲप बंद ठेवून काही वाचत नाही. एक सिलिंडरच्या गाडीवर रबर किंवा सिलिकॉनचे डँपर असलेलाच माउंट घ्या, आणि तो हँडलच्या टोकाकडे न लावता मधोमध, क्लँपच्या जवळ लावा. टोकाकडे हादरे वाढतात.

उष्णतेवर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. बहुतेक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. त्यात फोन प्लास्टिकच्या जलरोधक पिशवीत असेल, वर ऊन असेल आणि आतून चार्जिंग चालू असेल, तर तो तापणारच. उन्हाळ्यात पिशवी आणि जाड कव्हर काढून वारा लागेल असा उघडा माउंट वापरा, वायरलेस चार्जिंग टाळा, आणि चार्जिंग सकाळच्या गारव्यात करून घ्या. चहाला थांबलात की फोन उन्हात गाडीवर ठेवू नका.

वाटसरू_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. माझा चार्जर बॅटरीला थेटच जोडलेला आहे, आणि दिवाळीत गावाहून परतल्यावर गाडी ढकलून सुरू करावी लागली होती, त्याचे कारण आत्ता कळले. रेंज नसताना नकाशाच उघडला नाही तर काय करावे, यावर कोणाचा अनुभव आहे का? मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवलेला होता, तरी त्या दिवशी दुसरा मार्ग दाखवला जात नव्हता.

सुरगाण्याची_वाट

मी आरोग्याच्या कामासाठी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर आठवड्यातून तीन-चार दिवस स्कूटरने जाते, त्यामुळे रेंज नसणे ही माझ्यासाठी रोजचीच बाब आहे.

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा मोठ्या रस्त्यांसाठी उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा आधीच माहीत असायला हव्यात. ऑफलाइन असताना त्यात मोटारीचा मार्ग मिळतो. वाहतुकीची स्थिती, पर्यायी मार्ग आणि पायवाटेचे दिशादर्शन मिळत नाही. घरी इंटरनेटवर सुरू केलेला मार्ग रेंज गेल्यावरही चालू राहतो. तुम्ही त्या मार्गावरून भरकटलात की खरी अडचण सुरू होते. तुमच्याबाबतीत तेच झालेले दिसते.

म्हणून मी दुसरे ॲप कायम सोबत ठेवते. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या नकाशावर चालतात आणि संपूर्ण नकाशा फोनमध्येच असल्यामुळे रेंज नसतानाही नवा मार्ग काढून देतात. ऑरगॅनिक मॅप्स साधे आणि जाहिरातींशिवाय आहे. ऑसमँडमध्ये पुष्कळ सोयी आहेत, पण त्या शिकून घ्याव्या लागतात. नकाशा उतरवल्यावर मी घरीच फोन विमान-अवस्थेत टाकून, दोन ठिकाणांमधला मार्ग खरोखर निघतो का हे पाहते. ही पाच मिनिटांची तपासणी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण नकाशा अर्धवट उतरला असेल तर ते घरीच कळलेले बरे.

पाड्यांची नावे हा एक वेगळाच प्रश्न आहे. एकाच नावाचे दोन-तीन पाडे एका तालुक्यात असतात, आणि नकाशावर लिहिलेले नाव व लोक वापरतात ते नाव यांत फरक असतो. त्यामुळे नाव शोधून मिळालेल्या ठिकाणावर मी कधीही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. आधी जाऊन आलेल्या सहकाऱ्याकडून अक्षांश-रेखांश किंवा जीपीएक्स फाइल मागून घेते. जीपीएक्स म्हणजे एखादा माणूस प्रत्यक्ष ज्या वाटेने गेला तिची बिंदूबिंदूंनी केलेली नोंद. ती नकाशावर रेषेसारखी दिसते आणि आपण फक्त रेषेवर आहोत की नाही एवढेच पाहायचे असते. नव्या ठिकाणी जाताना मी स्वतःचीही वाट नोंदवत जाते, म्हणजे परतताना अंधार झाला तरी आलेल्या वाटेने मागे येता येते.

फोनच्या सेटिंगमधल्या दोन गोष्टी आधी तपासा. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद झाला की ॲपला झोपवतात, आणि मग वाटेची नोंद मध्येच तुटते. दिशादर्शनाच्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढून टाका. स्थानाची परवानगी देताना 'अचूक स्थान' सुरू आहे का, तेही पाहा. ते बंद असले तर ॲपला फक्त ढोबळ परिसर कळतो.

पावसाळ्यात मी फोन हँडलवर ठेवतच नाही. पडद्यावर पडणारे थेंब बोटासारखे काम करतात, नकाशा आपोआप सरकतो, मार्ग रद्द होतो, आणि तो सावरण्याच्या नादात आपली नजर रस्त्यावरून हटते. फोन रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवून एका कानात आवाज घेते. खिशातूनही उपग्रहांचे संदेश पुरेसे मिळतात. आयपी-६८, म्हणजे पाणी आणि धुळीपासून संरक्षित, असे लिहिलेल्या फोनवरही मुसळधार पावसात चार्जिंगची केबल लावू नये, कारण पाणी शिरलेल्या खाचेत वीज सोडली की आतल्या पिना गंजतात.

घरात पडून असलेला जुना फोन असेल, तर माझ्या अनुभवात तो हँडलवर लावण्यासाठी सर्वांत उत्तम. त्याला सिमकार्ड लागत नाही, कॅमेरा बिघडला तरी दुःख नाही, आणि आपला रोजचा फोन खिशात भरलेल्या बॅटरीसह सुरक्षित राहतो. अडचणीत मदत मागायची वेळ आली तर तो फोन जिवंत असणे मला नकाशापेक्षाही मोलाचे वाटते. सिम नसलेल्या फोनला निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर उपग्रहांची ताजी माहिती घेऊ द्या, एवढेच लक्षात ठेवा.

फाट्यांची नावे आणि त्यांमधले अंतर एका कागदावर लिहून टाकीवरच्या पारदर्शक खिशात ठेवण्याची सवय मला एका ज्येष्ठ परिचारिकाबाईंनी लावली. मी आजही तो कागद लिहिते.

घोटीकर

वरच्या उत्तरांत राहून गेलेले दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा वाहनाचा प्रकार निवडण्याचा. गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय भारतात डिसेंबर २०१७ पासून आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो निवडणे फार महत्त्वाचे झाले आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून जातो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारीच्या पर्यायावर ठेवलेला नकाशा मुंबईकडे किंवा शिर्डीकडे जाताना हमखास समृद्धीवर चढायला सांगतो. तिथे दुचाकींना प्रवेश नाही. ऑफलाइन नकाशात मोटारीचाच मार्ग मिळत असल्यामुळे हा धोका तेव्हा अधिक असतो. घोटीजवळ असे वाट चुकून आलेले दुचाकीस्वार मी पाहिलेले आहेत, आणि प्रवेशापाशी गाडी उलटी वळवणे किती जिवावरचे आहे हे सांगायला नको. अशा वेळी मार्गाच्या पर्यायांत जाऊन 'महामार्ग टाळा' आणि 'टोल टाळा' हे तपासून पाहावे, आणि आपण कसारा घाटाच्या जुन्या रस्त्याने जाणार आहोत हे निघतानाच मनाशी ठरवून घ्यावे.

याच्या जोडीला नाशिकचा मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल आहे. पूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड नकाशावर एकावर एक येतात, आणि उपग्रहावरून मिळणारी उंची आडव्या अंतरापेक्षा कमी अचूक असते. त्यामुळे आपण वर आहोत की खाली, हे फोनला नीट कळत नाही. पुलाखाली आकाशच झाकलेले असल्यामुळे तिथे स्थानही भरकटते. द्वारका किंवा मुंबई नाक्याला वळायचे असेल, तर पूल सुरू होण्याआधीच आपला रस्ता ठरवावा. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची कामे चालू असल्यामुळे शहरात आणि त्र्यंबकेश्वरच्या बाजूला वळवलेले रस्ते नकाशात येतीलच असे नाही, म्हणून तिथे रस्त्यावरची पाटी आणि पोलिसांची सूचना हीच खरी मानावी.

दुसरा मुद्दा कायद्याचा. गाडी चालवताना हातात मोबाइल धरून वापरणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतील दुरुस्तीनुसार, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी असे उपकरण वापरता येते. याचा साधा अर्थ असा, की माउंटवर लावलेला फोन नकाशासाठी चालतो, पण चालत्या गाडीवर त्यावर पत्ता टाइप करणे किंवा संदेश वाचणे चालत नाही. पत्ता बदलायचा असेल तर गाडी बाजूला थांबवावी.

स्वतंत्र यंत्राविषयी माझे मत विचाराल, तर गार्मिनच्या झुमो मालिकेसारखी यंत्रे उन्हात वाचता येतात, हातमोजे घालून वापरता येतात आणि पाऊस व हादरे सोसतात. लडाखसारखे लांबचे प्रवास वारंवार करणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. नाशिकच्या भोवती दीडशे-दोनशे किलोमीटर फिरण्यासाठी मी तो खर्च करणार नाही.

वाटसरू_नाशिक

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्यामुळे, काय केले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. मागच्या रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानाशेजारी गाडी उभी करून जीपीएसटेस्टने तपासणी केली. चार्जर नसताना बहुतेक उपग्रह ३८ ते ४२ च्या दरम्यान होते आणि चार्जर जोडताच तेच आकडे ३० च्या आसपास आले. दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तसेच झाले. तो चार्जर काढून टाकला. नवा चार्जर रिले आणि फ्यूज लावून बसवून घेतला आहे, आणि वणीपर्यंत जाऊन परत येताना बॅटरी ६४ वरून ८१ टक्क्यांवर गेली. हँडलवर आता घरातला जुना फोन आहे, सिमशिवाय, सिलिकॉनचे डँपर असलेल्या माउंटवर.

काल पुन्हा पेठ-हरसूल रस्त्याने गेलो. जुलैमध्ये जिथे अडकलो होतो त्या तिठ्यावर मुद्दाम थांबून फोन बंद करून सुरू केला. रेंज नव्हतीच. आधी झाडाखाली उभा राहिलो तेव्हा सहा मिनिटांत स्थान मिळाले नाही, आणि रस्त्याच्या पलीकडे उघड्या माळावर गेल्यावर सव्वा मिनिटात मिळाले. देवळालीकर सर, हा फरक स्वतः पाहिल्यावर तुमचे लिखाण पुन्हा एकदा वाचले.

त्या आजोबांनी दाखवलेली वाट मात्र कोणत्याही नकाशावर नाही. काल मी तिच्यावरून पुन्हा गेलो, जीपीएक्समध्ये ती नोंदवली आणि रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून पाड्याच्या नावासह तिथे घातली. मध्ये एक ओहोळ आडवा येतो आणि जोराच्या पावसात तो ओलांडता येत नाही असे पाड्यावर सांगितले, म्हणून तेही त्या नोंदीत लिहिले आहे.